मुसाफिर एका रात्रीचा, मोहल्ला जन्माचा

हॉटेलच्या इमारतीबद्दल लोक काय बोलतात आणि व्यापाऱ्याने त्यातून काय घ्यावे

जालना शहरात सध्या जो तो हॉटेलची गोष्ट करतो. मोंढ्यात बसा, कापड बाजारात बसा, नाही तर औद्योगिक वसाहतीत जा. कोणाचा तरी भाऊ, भाचा किंवा भागीदार लॉज बांधण्याच्या विचारात असतो. यात नवल काही नाही. १९८१ साली जालना जिल्हा झाला. बियाणे आणि स्टील यांनी शहराचे नाव दूरवर नेले. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि जालना त्या रस्त्यावर आले. २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. बाहेरचा माणूस कामासाठी येतो, एक रात्र थांबतो, सकाळी निघून जातो. त्याला खोली हवी असते.

आम्ही कापडवाले. जुन्या जालन्यातील एका गल्लीत आमचे वडिलांच्या वेळचे गोदाम आहे. पूर्वी हंगामाआधी थानांची थप्पी छतापर्यंत लागत असे. आता माल लागेल तसा मागवतो, गोदाम अर्धे रिकामे पडते. घरातली मुले म्हणाली, इथे हॉटेल काढू. इंजिनिअरकडून नकाशा आला. तळमजल्यावर कचेरी व गाड्यांची जागा, वर तीन मजले, दर मजल्यावर ८ अशा २४ खोल्या, गच्चीवर जेवणाची सोय आणि समोरून वरपासून खालपर्यंत निळी काच. दुकानातल्या गादीवर नकाशा पसरला. ज्याने पाहिला त्याने वाहवा केली.

गोदामाला लागून उत्तरेला एका खालांचे घर आहे. त्यांचे शौहर आमच्या वडिलांचे दोस्त होते. त्यांनी निरोप पाठवला म्हणून आम्ही नकाशा घेऊन गेलो. खालांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "बेटा, यात आमचं अंगण कुठाय?"

आम्ही बोट ठेवायला गेलो तर तिथे फक्त आमच्या हद्दीची रेघ होती. रेघेच्या पलीकडे कोरा कागद.

वाचक हो, हा लेख त्या प्रश्नातून निघाला. नवी इमारत, त्यातही हॉटेल, उभे राहू लागले की आजूबाजूचे लोक बोलतात. कोणी नावे ठेवतो, कोणी हसतो, कोणी अर्ज देतो. व्यापारी म्हणतो, लोकांचे तोंड कोण धरणार! पण आम्ही जुनी उदाहरणे पाहिली, तेव्हा कळले की हे बोलणे दोन प्रकारचे असते. एक असते इमारतीच्या रूपाबद्दल. दुसरे असते तिच्या वागणुकीबद्दल. पहिले काळाबरोबर विरते. दुसरे पिढ्यान्‌पिढ्या राहते. हॉटेल बांधणाऱ्याने दोन्ही ऐकावे, पण खर्च दुसऱ्यासाठी करावा.

लोखंडी पिंजरा

पहिले उदाहरण आमच्याच धंद्यातल्या माणसाचे आहे. मुंबईत जॉन वॉटसन नावाचा एक इंग्रज कापड व्यापारी होता. किल्ल्याचे तट पाडल्यानंतर एस्प्लनेडवरचे भूखंड विक्रीला निघाले, तेव्हा त्याने एक घेतला. तिथे कापडाचा मोठा शोरूम काढण्याचा मूळ विचार होता, पण पुढे हॉटेल झाले. रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरने त्याचा सांगाडा लोखंडाचा आखला. खांब आणि तुळया विलायतेत ओतून जहाजाने मुंबईला आणल्या आणि १८६७ नंतर इथे जोडल्या. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झाले.

दगडी इमारती पाहण्याची सवय असलेल्या शहरात हा लोखंडाचा उघडा सांगाडा लोकांना विचित्र वाटला. त्याची तुलना पक्ष्याच्या अजस्र पिंजऱ्याशी झाली. पण हे नाव टिकले नाही. पुढे वॉटसन हॉटेल हे मुंबईचे मानाचे ठिकाण झाले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलचित्रांचा हिंदुस्थानातला पहिला खेळ इथेच झाला. हॉटेल बंद पडल्यावर आत लहान लहान कचेऱ्यांची दाटी झाली, देखभाल राहिली नाही, २००५ मध्ये काही भाग कोसळला. २००६ साली जगातील धोक्यात आलेल्या वारसा वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले आणि २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. ज्या पिंजऱ्याला लोकांनी नावे ठेवली, तोच वाचवा म्हणून पुढची पिढी धडपडली. रूपाबद्दलचे बोलणे असे बदलते.

पण या हॉटेलची एक गोष्ट लोक विसरले नाहीत. तिथे फक्त गोऱ्या लोकांना प्रवेश होता. जमशेटजी टाटांना दारातून परत पाठवले म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, असा किस्सा आजही सांगतात. अभ्यासकांनी या किश्शावर शंका घेतली आहे. खरा असो वा खोटा, तो सव्वाशे वर्षे टिकला कसा, याचा विचार व्यापाऱ्याने करावा. लोखंड चांगले की दगड, हा वाद मिटला. दार कोणाला बंद होते, हे लक्षात राहिले.

उलटे बांधलेले हॉटेल

दुसरे उदाहरण ताजचेच. टाटांनी हॉटेल काढायचे ठरवले तेव्हा त्यांच्या बहिणीने, पोलाद कारखाना आणि विज्ञान संस्था काढायला निघालेला माणूस आता भटारखाना काढणार का, असे विचारल्याचे सांगतात. म्हणजे पहिली नाराजी घरातूनच! रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी इमारत आखली. वैद्य वारल्यानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुतज्ज्ञाने काम पुरे केले. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले, तेव्हा पाहुणे होते अवघे १७.

मग मुंबईत एक अफवा उठली. हॉटेल उलटे बांधले गेले, समुद्राकडे यायचे तोंड चुकून शहराकडे गेले आणि ते पाहून वास्तुतज्ज्ञाने जीव दिला! ही अफवा आजही ऐकू येते. खरी गोष्ट साधी आहे. मूळ दरवाजा शहराच्या बाजूलाच ठेवायचा होता, कारण घोडागाड्या तिकडून येत. इमारतीचे दोन हात शहराकडे पुढे आले आहेत, त्यांच्यामध्ये अंगण होते आणि खोल्यांना समुद्राचा वारा मिळत होता. गेटवे ऑफ इंडिया तर १९२४ साली खुले झाले. म्हणजे आज जिकडून लोक ताज पाहतात, ती बाजू इमारत बांधताना पुढची नव्हतीच. नंतर दरवाजा हलला आणि जुन्या दरवाजाच्या जागी आता पोहण्याचा तलाव आहे.

यातला धडा असा की इमारतीमागचा हिशोब मालकाने सांगितला नाही, तर लोक आपला हिशोब मांडतात. गल्लीत पाया खोदायला लागलो आणि तोंड बंद ठेवले, तर आठ दिवसांत सात मजले, दारूचे दुकान आणि लग्नाचा बँड हे सगळे मोहल्ल्याच्या तोंडी होते. नकाशा आधीच चार लोकांसमोर ठेवला तर अफवेला जागा राहत नाही.

१९७३ मध्ये ताजशेजारी जुने ग्रीन्स हॉटेल पाडून त्या जागी उंच टॉवर उघडला. जुन्याशी मेळ बसावा म्हणून त्याला कमानी दिल्या, तरी जुन्या घुमटाशेजारी एवढी उंच इमारत अनेकांना रुचली नाही. पुढे १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा वास्तूंची नियमावली लागू झाली आणि जुन्या इमारतींजवळचे बांधकाम हा फक्त मालकाचा खासगी मामला राहिला नाही.

आणि २००८ चा नोव्हेंबर कोण विसरेल! २६ तारखेला हल्ला झाला, घुमटाखालून धूर निघताना साऱ्या देशाने पाहिला. ज्यांनी आयुष्यात ताजमध्ये चहा घेतला नाही, त्यांच्याही डोळ्यांत पाणी आले. पाहुण्यांना वाचवताना तिथल्या कर्मचाऱ्यांनी जीव गमावले. १५ ऑगस्ट २०१० रोजी जुनी इमारत पुन्हा पूर्ण खुली झाली, तेव्हा उलटी की सुलटी हे कोणी विचारले नाही. लोक माणसांच्या वागण्याबद्दल बोलत होते.

जालन्याची सराय

मुंबईचे मोठे हॉटेल वेगळे आणि आमची गल्ली वेगळी, असे वाचक म्हणतील. म्हणून आपल्या शहराकडे पाहू. सोळाव्या शतकात जमशेद खान यांनी जालन्यात काली मशीद, हमाम आणि मशिदीसमोर सराय बांधली. मोती तलावही त्यांनीच बांधला. तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांपर्यंत आणले होते आणि त्यातला मुख्य हौद सरायच्या चौकात होता.

सराय म्हणजे त्या काळचे हॉटेलच. तिची बांधणी कशी असते? बाहेरून भिंत, रस्त्यावर एक भक्कम दरवाजा, आत मोकळा चौक, चौकाभोवती खोल्या. खोल्यांची तोंडे आत. मुसाफिर कुठलाही असो, त्याचा गोंगाट, त्याची जनावरे, त्याची नजर, सगळे चौकात राहते. शेजाऱ्याच्या घरात जात नाही. आपले जुने वाडेही याच विचाराने बांधलेले. आणि पाण्याचा हिशोब पाहा. सराय बांधणाऱ्याने शहराचे पाणी ओढले नाही. शहराला पाणी देताना सरायलाही दिले.

आम्ही सरायची नक्कल करा असे म्हणत नाही. जमिनीचे आजचे भाव पाहता मोठा चौक कोणाला परवडेल? पण त्या बांधणाऱ्याने जे प्रश्न स्वतःला विचारले, ते आजही तेच आहेत.

चार खाती

दुकानात जशी खतावणी असते, तशी मोहल्ल्याच्या तक्रारींची आम्ही चार खाती पाडली.

पहिले खाते नजरेचे. कोणत्या खिडकीतून कोणाचे अंगण, न्हाणी, गच्ची दिसते? परदा असलेल्या घरात हा प्रश्न मोठा आहेच, पण परदा नसलेल्या घरातही अंगणात बसून डोके विंचरणाऱ्या बाईला अनोळखी माणसाची नजर नकोच असते.

दुसरे खाते पाण्याचे. भारतीय मानकानुसार हॉटेलसाठी दर खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरतात, घरात माणसामागे १३५ लिटर. २४ खोल्या, ४८ खाटा म्हणजे दिवसाला ८,६४० लिटर. २०१२-१३ चा दुष्काळ जालन्याने सोसला आहे. टँकरमागे घागरी घेऊन धावलेली गल्ली हॉटेलच्या बोअरकडे कोणत्या डोळ्यांनी पाहील?

तिसरे खाते रस्त्याचे. गाड्या कुठे उभ्या राहतील? रात्री एक वाजता आलेला ड्रायव्हर हॉर्न कोणाच्या दारात वाजवील? जनाजा किंवा वरात निघाली तर वाट राहील का?

चौथे खाते ऊन-वाऱ्याचे. कोणाची सावली कोणावर पडेल? गरम हवेचे यंत्र कोणाच्या खिडकीवर फेकेल? निळ्या काचेचाही हिशोब इथेच येतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पश्चिमेची काच दुपारभर तापते, आत थंडाव्याचे बिल वाढते आणि तिची तिरीप समोरच्या घरात जाते. पुतण्या म्हणाला, "चाचा, काच नसेल तर बाहेरचा माणूस गाडी थांबवणार नाही." आम्ही त्याला विचारले, "तू स्वतः परगावी गेलास तर काच पाहून उतरतोस, की स्वच्छ चादर आणि पाणी पाहून?"

कायदा काय म्हणतो

नकाशा मंजूर करताना महानगरपालिका उंची, चारी बाजूंचे मोकळे अंतर, गाड्यांची जागा आणि आगीपासून बचावाची सोय पाहते. व्यापारी समजतो, शिक्का मिळाला की विषय संपला. तसे नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चा आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे सलग २० वर्षे निर्वेध मिळत असलेल्या उजेड-वाऱ्यावर शेजाऱ्याचा हक्क उभा राहू शकतो. कलम १८ रूढीने मिळणाऱ्या हक्कांचे आहे. त्यात दिलेले एक उदाहरणच असे आहे की एखाद्या गावात, शेजाऱ्याच्या खासगीपणाला मोठी बाधा येईल अशी नवी खिडकी काढू नये, ही रूढी असेल तर तो हक्क ठरतो. १८८८ साली अलाहाबाद हायकोर्टाने गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात, परदा पाळणाऱ्या स्त्रियांच्या घरावर नजर टाकणाऱ्या नव्या बांधकामाचा प्रश्न ऐकला आणि तिथल्या रूढीप्रमाणे असा हक्क असू शकतो हे मान्य केले.

हा हक्क प्रत्येक गावी आपोआप मिळत नाही. रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. आपल्या जागेबाबत वकिलाला विचारावे. आम्ही हे एवढ्यासाठी सांगतो की खालांचा प्रश्न म्हणजे म्हाताऱ्या बाईची कुरकुर नव्हती. तो प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ बसलेला आहे.

आमच्या नकाशाचे काय झाले

आम्ही इंजिनिअरला सांगितले की पहिल्याने शेजारची घरे नकाशावर काढा. अंगण, न्हाणी, विहीर, जिना, सगळे. त्याला हे काम नवीन होते, पण त्याने केले. मग आम्ही मोजले. उत्तरेकडे दर मजल्यावर ३ अशा ९ खोल्या होत्या. ९ खिडक्या सरळ खालांच्या अंगणात उघडत होत्या आणि गच्चीवर जेवणारे गिऱ्हाईक वरून सगळेच पाहणार होते.

आता उत्तरेकडे खोल्यांऐवजी ये-जा करायची बोळ घेतली आहे. तिला उजेडासाठी डोक्याच्या वर झरोके आहेत. आमची जागा खालांच्या दक्षिणेला, त्यामुळे हिवाळ्यात आमची सावली त्यांच्या अंगणावर पडणार. म्हणून वरचा मजला त्या बाजूने १० फूट मागे घेतला. गच्चीवरची जेवणाची सोय काढून तळमजल्यावर आणली. काचेच्या जागी विटांची भिंत, सज्जे आणि जाळी. छताचे पावसाचे पाणी बोअरजवळ जिरवायचे आणि समोरच्या भिंतीत गल्लीसाठी पिण्याच्या पाण्याचा एक नळ द्यायचा. या सगळ्यात २४ च्या २० खोल्या झाल्या.

पुतण्याने लगेच हिशोब मांडला. ४ खोल्या, भाडे १,२०० रुपये, वर्षभर ६० टक्के भरतील असे धरले तर वर्षाला १० लाख ५१ हजार २०० रुपये बुडाले! आकडा बरोबर होता, हिशोब चुकीचा होता. ६० टक्केच भरणार असतील तर २४ पैकी रोज सरासरी १४-१५ खोल्या लागतील. २० पुरून उरतात. कमी पडतील त्या लग्नसराईच्या आणि गर्दीच्या रात्री. त्या वर्षात ६० धरल्या तरी नुकसान २ लाख ८८ हजार. काचेचा आणि तिच्यामागच्या थंडाव्याचा खर्च वाचला, तो वेगळा. तरी नुकसान आहेच. ते नाही असे म्हणून आम्ही व्यापारी बंधूंना फसवणार नाही. उद्या शेजारच्या गल्लीत कोणी २४ खोल्यांचे काचेचे हॉटेल काढले, तर काही वर्षे तो आमच्यापुढे राहील.

पण गोदामाच्या त्या भिंतीला लागून आमच्या वडिलांनी चाळीस वर्षे धंदा केला. रात्री-बेरात्री माल उतरला, पण खालांच्या घरातून तक्रार आली नाही. उलट हमालांना पाणी आले. ती उधारी कोणत्या वहीत लिहिलेली नाही, म्हणून ती नाही असे होत नाही.

नवा नकाशा घेऊन आम्ही पुन्हा गेलो. खालांनी आपले अंगण बोटाने शोधले, न्हाणी शोधली. मग डिसेंबर-जानेवारीत ऊन कुठपर्यंत येईल ते विचारले. आम्ही खरे सांगितले की १० फूट मागे घेतले तरी सकाळचे थोडे ऊन जाईल. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पापड गच्चीवर वाळवू. पण तुझ्या माणसांना सांग, हॉर्न वाजवू नका."

काम पावसाळ्यानंतर सुरू होईल. हॉर्न न वाजवण्याची पाटी पहिल्या दिवशीच लागेल. जे व्यापारी बंधू हॉटेल, लॉज किंवा मंगल कार्यालय काढण्याच्या विचारात आहेत, त्यांना आमची एकच विनंती आहे. इंजिनिअरची फी देण्याआधी नकाशा उघडा आणि पाहा, रेघेच्या पलीकडे शेजाऱ्याचे घर काढलेले आहे का. कोरा कागद असेल तर नकाशा परत करा.